फुकटचा पाणबुड्या

ट्युनिस, ६ मार्च २०१६

ती. रफीकाताईस, अनीसचा सलाम वि. वि.

आपल्या ‘बंदर’ संचाचे शेवटचे अकरा पत्ते या पत्रासोबत लुआज टॅक्सीच्या चालकाकडे दिले आहेत. टॅक्सीथांब्यावर मिशीवाला मुराद म्हणून विचार, म्हणजे मिळतील. चित्रं माझी झाली, आता आकडे तू तपास. गणिताच्या बाईंनी तपासल्याशिवाय मी छापखान्यात एकही पत्ता कापत नाही, हे तुला ठाऊक आहेच.

आमचं मंडळ दुकानातल्या पत्त्यांना पार विटलंय. दर शनिवारी हलफावीनच्या कॅफेत आम्ही घरी बनवलेलेच पत्ते खेळतो. एप्रिलच्या मेळाव्यात एक संच निवडायचाय. मंडळाचा म्होरक्या लस्साद म्हणतो, तुमचाच निवडणार, आणि तेही एका पत्त्यामुळे. तो पत्ता म्हणजे ‘लंगडा पाणबुड्या’. किंमत शून्य वल्ही, म्हणजे खेळताना एकही वल्हं मोजायचं नाही. त्याला पाण्यात फेकायचं, दोन नवे पत्ते उचलायचे, आणि पुढच्या खेपेला तो आपोआप हातात परत! पोरं वेडी झालीत त्याच्यापायी. मुन्सिफभाऊजींना सांग, या खेपेला तरी बायकोकडून हरू नका.

तुझा लाडका (असं मीच म्हणतो),
अनीस

स्फाक्स, ११ मार्च

चि. अनीस यास अ. उ. आ.

दहा पत्ते उत्तम. वादळाची किंमत दोनवरून तीन वल्ही कर, बाकी हात लावू नकोस. अकराव्याची मात्र किळस आली.

आधी आकड्यांचं सांगते. यांच्याबरोबर वीस डाव खेळले. पाणबुड्या ज्याच्या हाती, तो सतरा डाव जिंकला. जो पत्ता फुकट मिळतो, दोन पत्ते आणून देतो आणि कधी संपतही नाही, तो हाती असताना दुसरा विचार कोण करेल? खेळ कसला, नुसती फेकाफेक. तुझे भाऊजी पहिल्यांदाच जिंकले आणि तरी म्हणाले की यात काही मजा नाही.

आता चित्राचं. डावा पाय आत वळलेला, तळहात मांडीवर रेटून चालणारा तो माणूस कोण आहे रे? मी पाकीट उघडलं आणि जेवता जेवता ताट सरकवलं. लहानपणी केरकेन्ना बेटावर गेलो की फर्जानीमामा आपल्याला समुद्राच्या तळाच्या गोष्टी सांगायचा. तुझा अख्खा संच त्या गोष्टींवर उभा आहे. आणि त्यालाच तू सगळ्यात स्वस्त, फेकायचा पत्ता केलास? लाज वाटत नाही? पुढच्या आठवड्यात तो पायाच्या डॉक्टरसाठी तुझ्याकडे येतोय. त्याच्या नजरेला पडायच्या आत तो पत्ता फाड.

राग ओसरला की माया पूर्ववत होईल. अजून ओसरला नाही.
रफीका

ट्युनिस, २१ मार्च

ती. ताईस सलाम वि. वि.

तुझं पत्र वाचून मी चिडलो होतो. गणित शिकवता शिकवता हिला गंमत कळेनाशी झाली, असं लस्सादजवळ बोललोही. पत्ता फाडला नाही. आता जे झालं ते लिहितो. वाचून तुला माझी आणखी किळस येईल, येऊ दे.

शनिवारी दवाखान्यातून परतताना मामा म्हणाला की तुझे मित्र बघू. मला नाही म्हणता आलं नाही. त्याला कोपऱ्यात चहा देऊन बसवलं आणि मी खेळायला बसलो. दुसऱ्याच खेपेला समोरच्याच्या हाती पाणबुड्या आला आणि सगळं टेबल नेहमीसारखं ओरडलं, “फेक लंगड्याला!” ताई, त्यांच्याबरोबर मीही ओरडलो. सवयीनं. मामा पाठीमागे बसलाय हे मला ओरडून झाल्यावर आठवलं.

मामा मांडीवर तळहात रेटत टेबलापाशी आला. त्याने पत्ता मागून घेतला, चष्मा वर करून बघितला आणि विचारलं की याचं काय करायचं असतं. लस्सादने नियम समजावून सांगितला, अगदी हौसेनं. वर म्हणाला की काका, पत्ता धरून एक फोटो काढू या, मेळाव्याच्या जाहिरातीला छान दिसेल. मामाने पत्ता छातीशी धरून फोटो काढू दिला. मी तिथेच उभा होतो. अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला स्थानकावर सोडलं. वाटेत तो एवढंच म्हणाला की नियमात चूक आहे, लिहून कळवतो. तेव्हापासून माझ्याच हातांची मला शिसारी येते. तू त्याच्याशी बोल.

तुझा,
अनीस

केरकेन्ना, २ एप्रिल

चि. रफीका व चि. अनीस, दोघांना मामाचा आशीर्वाद.

मला लिहायची सवय नाही, अक्षर सांभाळून घ्या. अनीसने रडू नये. लंगड्याला लंगडा म्हटल्याचा मला राग नाही. चाळीस वर्षं ऐकतोय. चित्रही झकास आहे.

मला ओकारी आली ती दुसऱ्याच गोष्टीची. तुमचा पाणबुड्या परत येतो. फेकला की येतो, पुन्हा फेकला की पुन्हा येतो. असं नसतं रे पोरांनो.

होडीवर पाणबुडे आम्ही दोघं होतो, मी आणि खमीस. स्पंजासाठी दिवसातून दोनदाच बुडी मारायची असं ठरलेलं. त्या दिवशी माल कमी निघाला आणि रईस, म्हणजे आमचा तांडेल, तिसऱ्या बुडीसाठी हटून बसला. पाळी माझी होती. माझा पाय दुसऱ्या बुडीतच बधिर झाला होता. मी रईसला म्हणालो की खमीसला पाठव, तो धडधाकट आहे. खमीस गेला. जोडीदार म्हणून त्याच्या हवेच्या नळीवर मीच होतो. तो घाईत वर आला, रक्तात हवा धरली आणि माझ्या मांडीवर गेला. स्पंज भरपूर निघाले होते. त्यातला माझा वाटा मी घेतला.

तुम्हाला मी सांगायचो की खमीसला वाचवताना पाय गेला. ते खोटं होतं. तुमच्या आईलाही तेच सांगितलं. तुम्ही मला जसा समजत आलात त्याचीच मला घाण वाटते.

पत्ता फाडू नका. किंमत शून्यच ठेवा, आम्ही शून्यातलेच होतो. पण जो फेकेल त्याला तो परत मिळता कामा नये.

तुम्हाला वाटेल तेवढीच माया ठेवा. मी मागत नाही.
फर्जानी

स्फाक्स, १९ एप्रिल

चि. अनीस यास अ. उ. आ.

नवा पत्ता पोचला. मी ठरवलेला नियम तू बरोबर छापलास: शून्य वल्ही, फेकला तर चार पत्ते, पण फेकणाऱ्याने पत्त्यावर आपलं नाव लिहायचं आणि तो पत्ता संचातून कायमचा बाहेर. लस्साद म्हणे हसून म्हणाला की असला रडका पत्ता नको, जुनाच दे. तू संच उचलून मेळाव्यातून बाहेर पडलास हे फोनवर सांगितलंस. बरं केलंस. मामाचा फोटोही त्याच्याकडून परत घे. त्या लस्सादचं नाव घेतलं तरी तोंड कडू होतं.

मामाचं पत्र वाचून मला त्याचीही किळस आली होती, खोटं कशाला बोलू. तीन दिवस उत्तर लिहिलं नाही. चौथ्या दिवशी त्याला सांगितलं की बोटीने इकडे ये, पत्ता तपासायला माणूस हवाय.

काल आला. तीन डाव खेळलो. तिन्ही वेळा पाणबुड्या त्याच्याच हाती आला, आणि तिन्ही वेळा तो फेकला असता तर मामा जिंकला असता. तिसऱ्या डावात तर मी माझे पत्ते उघडे करून दाखवले, बोटाने मोजून दाखवलं. तो म्हणाला की दिसतंय मला. आणि पत्ता हातात धरून हरला.

त्यामुळे आकडे बरोबर बसले की नाही, हे मला अजून सांगता येत नाही. तो आता चौथा डाव मांडा म्हणतोय, तेव्हा पुरे करते.

मामावर आणि माझ्यावर, दोघांवरही लोभ असू दे.
रफीका