उलटा ओवलेला गुलाब

प्रिय आई,

तू गेल्यावर तुला कधी पत्र लिहीन असं वाटलं नव्हतं. पण आज फार भीती वाटतेय, आणि विचारायचं तर तुलाच.

तारापूरच्या धनबाईंच्या मुलीच्या लग्नासाठी त्यांनी सांगितलेली ती मण्यांची छोटी पर्स. सगळे मणी रिळाच्या दोऱ्यात ओवलेस आणि विणायच्या आधीच गेलीस. क्रोशाची सुई मी घेतली. तळाशीच गुलाबाचं पान वाकडं आलं. हिरव्याच्या जागी लाल, लालच्या जागी हिरवा. वाटलं, माझाच टाका चुकला. नाही गं, मणी तसेच ओवलेले होते.

तू चुकलीस? अख्खं चिंचणी गाव जिच्या कामाला नावाजतं, ती तू?

मग लक्षात आलं. आपण नक्षी उलटी ओवतो. शेवटी ओवलेला मणी सुईवर पहिला येतो. म्हणजे तळाचे हे मणी तू शेवटच्या तापात ओवलेले. झोप म्हणत होते ना मी? का ऐकलं नाहीस?

विणत गेले तसा गुलाब सरळ होत गेला. तुझा हात बरा होत गेला, आई. वरच्या पानापाशी तर तू अगदी ठणठणीत आहेस. तिथे मला रडू आवरलं नाही.

पर्स पुरी झाली. बाबा अणुभट्टीच्या बांधकामावरून आले, तळहातावर घेऊन म्हणाले, "पाण्यानं भरल्यासारखी जड लागते गं." तळ त्यांना दिसलाच नाही. शेजारची जानकीकाकी मात्र म्हणाली, "उसवू नको, पोरी. दोरा मऊ पडलाय, तुटला तं सगलं मनी सांडतील. तलाला कोन बघतंय?"

तिचंही खरं आहे. दोरा तुटला तर लग्नाआधी पुन्हा सगळे कधी ओवू? आणि उसवलं तर तुझ्या हातचं शेवटचं काम मीच मोडलं, असं होईल. दोन्हीची धास्ती वाटते. पण चुकलेला मणी तू कधी घराबाहेर जाऊ दिलास का? किती वेळा उसवायला लावायचीस मला!

उद्या ओटीवर ऊन आलं की वरून तळापर्यंत सगळी पर्स उसवायला बसेन. तळाचे तेवढेच मणी दोऱ्यातून काढीन आणि वरचं पान बघत तेच परत ओवीन, जिथले तिथे. तू चुकली होतीस, हे कुणाला कळू देणार नाही.

तुझी,
मंदा