चांगदेवची उघडी बटनं

बोरी बुद्रुक,
२ मार्च २००९

चि. स्वराज,

तुझ्या मिक्स मार्शल आर्टच्या लढतीची सीडी बगितली. गळा आवळल्यावर तू जमिनीवर थाप मारून हार कबूल केलीस, म्हनून मी फोनवर तुला भित्रा म्हनलो.

पलटनीत मी बारा वर्सं बॉक्सिंग केलं. तुमच्यात लाथा, कोपरं, हात मुरगाळनं समदं चालतं, पन थाप मारली की सुटका. आमाला थाप नव्हती. पडलो की पंच आकडे मोजायचा, उठलो की परत डोक्यावरच ठोसे.

त्यानंच आता हात कापत्यात. सदऱ्याची बटनं लागत न्हाईत, तशीच उघडी टाकून हिंडतो. गावाला वाटतं, चांगदेवचा रुबाब अजून हाय!

तू धड डोक्यानं घरी येतोस, मी लई खूश हाय. हे पत्र टाकत न्हाई. रविवारी आलास की बटनं तुलाच लावाया सांगीन. ती माझी थाप समज.

तुझा,
आबा