वेग आणि उद्वेग

मुंडुक, मंगळवार

प्रिय सुवित्री,

एक गंभीर तक्रार नोंदवून घे. तुंपेकला, लोखंडाच्या पूजेच्या दिवशी, तुझ्या आईने मोटारसायकलला नैवेद्य दाखवला आणि झावळीचं तोरण नेमकं वेगाच्या काट्यावर बांधलं. दहा दिवस झाले, फुलं सुकली, तोरण तिथेच. काढायला गेलो तर म्हणते, "राहू द्या हो गुरुजी. काटा बघून करायचंय काय? सायकलवरून बदकं नेणाऱ्या त्या माणसाने मागे टाकलं तुम्हाला. बदकांसकट!"

फोनवर तूही हसलीस, "बापा, डोंगर उतरायला दोन तास? म्हातारे झालात." झालो. पंचविशीत हीच वळणं मी ऐंशीने घ्यायचो. तुझी आई मागून कमरेला चिमटे काढायची: एक म्हणजे हळू, दोन म्हणजे आत्ताच्या आत्ता उतरते. मी दुसऱ्या चिमट्याची वाट बघत वेग वाढवायचो. पडलो तर उठू, यात शंकाच नव्हती. वर्गात इतकी वर्षं सांगत आलो, वेग आणि उद्वेग एकाच धातूचे. अठ्ठावन्नाव्या वर्षी ते व्याकरण अंगात भिनलंय. रस्त्यावर ओलं पान दिसलं तरी दोन्ही पाय खाली टेकवतो.

तिचं डायलिसिस मंगळवारी आणि शुक्रवारी, डोंगराखाली, सिंगराजाच्या इस्पितळात. मोटारीत पहिल्याच वळणाला ओकते, म्हणून ही दुचाकी. गेल्या शुक्रवारी परतताना तिने माझ्या पाठीवर डोकं टेकलं. इतक्या वर्षांनी! मी मनातून फुललो, एक श्लोकही पुटपुटलो. चिमट्याच्या आशेने, खोटं कशाला सांगू, थोडा वेगही वाढवला. चिमटा आला नाही. मग तिचे हात माझ्या पोटावरून सुटले. ती बेशुद्ध होती, सुवित्री, आणि मी श्लोक म्हणत होतो.

कशीबशी तिची मनगटं धरून थांबलो. चेहऱ्यावर पाणी मारलं, तेव्हा डोळे उघडून म्हणाली, "थांबलात कशाला? बदकं पुढे गेली की."

आज देवळात नेसायच्या शेल्याने तिला माझ्या कमरेशी बांधून नेलं. "लग्नातसुद्धा इतकं घट्ट बांधलं नव्हतं," म्हणाली, आणि हसली.

हे फोनवर सांगता येत नाही, ती शेजारीच असते. म्हणून पत्र तुझ्याकडे देनपसारला जाणाऱ्या गाडीवाल्याकडे देतोय. माझ्या उजव्या हाताच्या बोटांना महिनाभर मुंग्या येतायत. आज उतारावर पुढे ट्रक थांबला. मी ब्रेक दाबला, असं मला वाटलं. बोटं हललीच नव्हती. पायाच्या ब्रेकवर कसाबसा थांबलो, ट्रकपासून हातभर अंतरावर. तिला वाटलं, मी नेहमीसारखाच घाबरलो. आता मी पडलो तर ती सुटून बाजूलाही पडणार नाही; गाठ मीच मारली आहे. शुक्रवारच्या आत ये, गाडी तू चालव. तुला ही गाडी शिकवताना सारखं "हळू, हळू" ओरडायचो, आता अवाक्षर काढणार नाही. तिचा आजार तिला नेईल, याची मी तयारी करत होतो. पण मला भीती वाटते, पोरी, त्याआधी मीच तिला मारेन.

तुझाच,
बापा