चांदीच्या पाण्यात घरची द्राक्षं

५ फेब्रुवारी, बुधवार

औषध मारलं. इथे लिहितो, कारण सांगायला कोणी नाही. घडांवर पिठ्या ढेकणाची पांढरी कीड दिसली आणि राहवलं नाही. पोरगा हर्षल निफाडला गेला होता, तेवढ्यात पंप पाठीवर घेतला आणि उरकलं. त्याने यंदा द्राक्षांच्या खोक्यांवर ‘विषमुक्त’ छापून घेतलंय. ती खोकी दर शनिवारी इंदिरानगरच्या एका सोसायटीत जातात. पण मी विष कुठे मारलं? औषध मारलं.

विहिरीजवळचे चार वेल सोडले. ते घरचे. त्यांना मी कधीच मारत नाही. आमच्याकडे सगळे असंच करतात — विकायचं वेगळं, खायचं वेगळं. हंगामात रोज वाटीभर खातो, म्हणून या वयात धडधाकट आहे. छातीत कळ येते ती गॅसची.

९ फेब्रुवारी, रविवार

सोसायटीच्या चेअरमनला द्राक्षं विषमुक्त असल्याचा दाखला पाहिजे. दिशा, माझी नात, हर्षलला म्हणाली, “पप्पा, मी आमच्या कॉलेजात तपासते ना.” झालं. घास उतरला नाही.

तिने बाटली दाखवली. आत हळदीच्या पाण्यासारखं पिवळं. म्हणे चांदी! चांदी पिवळी कशी? “कण फार बारीक आहेत, आजोबा. उजेड पडला की आतली वीज डुलायला लागते, म्हणून रंग वेगळा दिसतो.” औषधाचा कण एकटा असला तर लेझरच्या उजेडाला इतक्या हळू आवाजात उत्तर देतो की पत्ता लागत नाही. चांदीच्या कणाला चिकटला की तेच उत्तर लाखपटीने मोठं. मग कागदावर रेघ उमटते, रेघेला शेंडे येतात, शेंड्यांवरून औषधाचं नाव कळतं.

थोडक्यात, चांदी चहाडखोर. मी सातवी नापास, पण एवढं समजलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

आमच्या मंडळींचे, सगुणाबाईचे, पैंजण डब्यात आहेत. म्हणजे पोरीने चांदी दुसरीकडून आणली.

माझी चांदीची अंगठी काढून ठेवली. बागेत ऊन फार, उगाच काही उमटायला नको. सगुणाबाईला म्हटलं, बागेत जाताना जोडवी काढत जा. ती म्हणाली, “तुम्ही आहात तोवर जोडवी उतरायची नाहीत. घाई असेल तर सांगा.”

१२ फेब्रुवारी, बुधवार

उद्या दिशा घड न्यायला येणार.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

“सोसायटीला जातात त्यातली एक किलो द्या,” म्हणाली. मी म्हटलं, तू सावलीत बस, मी आणतो. विहिरीजवळच्या वेलींची आणली. “आजोबा, किती निवडून आणलीत!” पिशवी स्कूटीला अडकवून गेली.

दोन्ही वेळा पोटभर जेवलो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दिशाने ओट्यावर कागद पसरला. रेघेला शेंडे — विळ्याच्या दातांसारखे.

“पप्पा, औषध आहे. मी तीनदा करून बघितलं.”

मी ताडकन उठलो. यंत्र खोटं आहे, म्हटलं. या वेलींना जन्मात औषध लागलेलं नाही!

हर्षल शांतपणे म्हणाला, “कोणत्या वेलींना, दादा?”

मग सगळं सांगावं लागलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. शेडमध्ये जाऊन बसला आणि खोक्यांवरचं ‘विषमुक्त’ नखाने खरवडायला लागला. मी मदतीला गेलो, तर म्हणाला, “राहू द्या. तुम्ही केलंत तेवढं पुरे.”

१९ फेब्रुवारी, बुधवार

पण विहिरीजवळ औषध आलं कुठून?

सगुणाबाई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “पंपात तळाला राहतं ना, ते ओतून द्यायला जीव होत नाही. तुमच्या वेलींना मारून टाकते. ढेकूण लागला तर तुम्ही खाणार काय?”

“कधीपासून?”

“दिशा दुसरीत होती.”

रोज वाटीभर.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

दाखला मिळणार नाही, असं हर्षलने काल कळवलं होतं. आज चेअरमनचा फोन आला, मीच उचलला. “काका, दाखल्याचं सोडा. तुमच्यावर विश्वास आहे. तुम्ही स्वतः घरी खाता ना, त्या वेलींची पाठवा.”

हर्षल माझ्याकडे बघत होता.

मी म्हणालो, “तीच तपासली होती.”