सोजिराच्या शेजारी

३ मार्च, मंगळवार
सकाळी त्या थडग्याच्या गावातल्या पॅरिश कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीच्या, बाईंचा फोन. दिवाकर थडग्याजवळचं गवत कापायला कधी येणार? म्हटलं, जानेवारीत वारला. मग, "ओ लव्ह, आय ॲम सो सॉरी." आणि लगेच, "मग आता कोण कापणार?"
असली माणसं. आणि यांच्यासाठी माझा नवरा एकवीस वर्षं दर रविवारी लीड्सहून चाळीस मिनिटं गाडी हाकत जायचा. कशासाठी, तर मूरच्या, उजाड माळाच्या रस्त्याकडेला एकटंच पडलेलं कुणा सोजिराचं, जुन्या गोऱ्या शिपायाचं थडगं. आमच्या मागच्या अंगणात कमरेएवढं गवत, ते दिसलं नाही कधी.

७ मार्च, शनिवार
नेहा आली. इथेच वाढलेली, मराठी मोडकंतोडकं. चहा होईपर्यंत थांबली, मग पर्समधून कागद काढला. दिवाकरचं अक्षर.
"बाबाचा इच्छा होता, आई. त्याचे ॲशेस सोजरच्या बाजूला ठेवायचे."
चाळीस वर्षं शेजारी मी झोपले. मेल्यावर शेजार मागितला तो रस्त्यावरच्या गोऱ्याचा! आणि तेही लेकीकडे. मला सांगायची हिंमत नव्हती.
म्हटलं, अस्थी नाशिकला जाणार, ठरलंय.
"कोणी ठरवला?"
उठले. कपाटात अस्थींचा डबा आहे, त्याच्यावर घडी केलेली चादर ठेवली.

१२ मार्च, गुरुवार
नेहानं दिवाकरचा लॅपटॉप उघडला. कुणी डेल म्हणून आहे, ओहायोचा. सोजिराचा वंशज, सातवी की आठवी पिढी. त्याला हाडं उकरून तिकडे न्यायचीत, सोजिराच्या बायकोशेजारी पुरायला. दिवाकरनं कौन्सिलकडे लेखी हरकत घेतलेली. वर्षभर दोघांची ईमेलवर जुंपलेली. दिवाकरचं शेवटचं वाक्य: "तो स्वतःच्या पायांनी परत आला. राहू द्या त्याला."
घरात आमटी की कढी विचारलं तर "काहीही चालेल" म्हणणारा माणूस.
सोजिराची सगळी हकिकतही त्यात. इथलाच पोरगा, दोनशेहून जास्त वर्षांपूर्वी इंग्लंडच्या राजाच्या फौजेतून अमेरिकेच्या पार सरहद्दीवरच्या किल्ल्यात गेला. लढाई संपल्यावर तिथेच राहिला, पुढे दुसऱ्या बाजूचा, अमेरिकेचाच गणवेश चढवला. लग्न, पाच मुलं. म्हातारपणी एक दिवस उठला आणि बायकोला न सांगता जहाजात बसला. बंदरापासून चालत निघाला, गाव तीन मैलांवर असताना पडला. बाजू बदलली म्हणून चर्चच्या आवारात जागा दिली नाही, पडला तिथेच पुरला.
दोन सरकारांचं मीठ खाल्लं, बायकोला टाकून आला. आणि आमचा माणूस त्याच्या दगडावरचं शेवाळ टूथब्रशनं घासायचा.

२१ मार्च, शनिवार
डेल आला. नेहानं गाडीत घालून आम्हां दोघांना तिथे नेलं. उंच, कॅपवाला, प्रत्येक वाक्याला "मॅम". जॅमच्या बरणीत तिकडची माती घेऊन आलेला. दगडासमोर गुडघ्यांवर बसला नि चक्क रडला. मागून लॉरी गेली, सगळ्यांच्या अंगावर चिखल.
विचारलं, बायकोचं नाव काय त्याच्या? तर फोनमध्ये बघायला लागला!
म्हटलं, "तिला विचारलंत का, हा परत शेजारी हवाय का ते?"
हसला. मग हसायचं थांबला.
परवानगी दिवाकरच्या हरकतीवर अडकलीय. मी पत्नी म्हणून दोन ओळी लिहून सही केली तर कौन्सिल ती मागे घेतलेली धरेल. कागद टाइप करूनच आणला होता. पुढच्या शनिवारी परत जातोय, त्याआधी हवा म्हणे.
त्याला हॉटेलवर सोडलं. गाडीत नेहा म्हणाली, "तू पण डेलसारखीच करतेस, आई. बाबाला विचारलंस?"
"आणि मला कुणी विचारलं?" एवढ्या जोरात ओरडले की तिनं गाडी कडेला घेतली.
मग बराच वेळ इंडिकेटर टिकटिकत होता.

२४ मार्च, मंगळवार
सही करून टाकायची म्हणून पेन घेतलं. मग बसनं थडग्याकडे गेले. का, ते माहीत नाही.
पलीकडच्या शेतातली म्हातारी फाटकाशी आली. दिवाकरला ओळखायची. म्हणाली, "लव्हली मॅन. नुसता बोलत बसायचा."
दिवाकर? चुकून दुसऱ्याच कुणाबद्दल...
"नाही नाही, युअर हजबंड. त्या दगडापाशी बसून तास तासभर. तुमच्या भाषेत. आम्हाला काही कळायचं नाही."
घरात "हं" आणि "बरं". तेवढ्यावर माझी चाळीस वर्षं. आणि जे बोलायचं ते सगळं मराठीतून त्या मेल्याला, ज्याला एक अक्षर कळत नव्हतं.
परतीच्या बसमध्ये चुकीच्या स्टॉपला उतरले.

२७ मार्च, शुक्रवार
परत गेले. फाटकाशी कुणी नव्हतं. सोजिराला म्हटलं, काय सांगायचा रे तुला? माझ्याबद्दल काय सांगायचा? शिव्याही दिल्या, चांगल्या पुणेरी. मग उभं राहून पाय दुखले म्हणून बसले. गवत ओलं होतं. काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. तासभर तरी झाला असेल.
घरी आले तर डेलचे तीन मिस्ड कॉल. कागद टेबलावर तसाच. नाशिकच्या तिकिटाचे पैसे उद्या संध्याकाळपर्यंत भरायचेत.
नेहाचा फोन. "उद्या मी गाडी आणू?"
"आण."
"डेलच्या हॉटेलला जायचा? की ॲशेस घेऊन..."
"तू गाडी आण गं." फोन ठेवून डब्यावरची चादर काढली.