डाव्या पंखाचं टोक

रविवार, दि. ९

ती. वन्सं यांना शिरसाष्टांग नमस्कार.

देवाच्या कृपेने इकडे सगळं बरं आहे. तुमचे गुडघे कसे आहेत? गाण्याच्या शिकवण्या चालूच असतील. स्वयंपाकघरातला नळ एकदाचा गळायचा थांबला. प्लंबरने असा भाव सांगितला की वॉशर मीच बदलला. घरात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळा छान आहे.

कुणाचा डोळा, हे तुम्ही विचारायचं नाही आणि मी लिहायचं नाही, असं आपलं ठरलेलं. "पत्रं पाठव गं, पण माझ्या भावाचा विषय त्यात नको," असं तुम्ही जाताना दारात म्हणालात, आणि इतकी वर्षं मी ते व्रतासारखं पाळलं. माझ्या पत्रांत चष्मे बदलतात, खोकला येतो, नोकरी संपते, पण माणूस कुठे दिसत नाही! आज देवापुढे हात जोडून ते व्रत मोडते आहे. पत्र अर्ध्यात फाडू नका. कागदाची मागची बाजूही भरली आहे, फुकट जाईल.

तर तुमच्या भावाने, म्हणजे ह्यांनी, शाळेतून निवृत्त झाल्यावर मला विमानं बघायचा नाद लावला. दर रविवारी आम्ही विमानतळाच्या कुंपणापाशी घडीची स्टुलं टाकून बसतो. तिथे आमच्यासारखे आणखी वेडे असतात, दुर्बिणी आणि डबे घेऊन. युद्धात विमानं ओळखताना आपल्या छातीत धडधडायचं, तेच काम ही मंडळी हौसेने करतात, आणि विमान ओळखलं की एकमेकांना टाळ्या देतात. हल्ली पोथी वाचताना माझे कान आभाळात असतात. देव मला माफ करो.

मोतीबिंदू वाढला तसे ह्यांना आकार दिसेनात. मी बघून सांगायची. एके दिवशी डोळे मिटून म्हणाले, "थांब, सांगू नकोस. आवाज जड आहे. मालवाहू." मी वर बघितलं, तर मालवाहूच! तुमची आठवण दोघांनाही आली. मी घाईघाईने डबा उघडला.

आज तिथे युद्धातलं एक जुनं विमान दुरुस्त करून उडवलं. आपलंच, गोल पंखांचं. उतरल्यावर एक वयस्कर गृहस्थ बोलायला उभे राहिले. युद्धात अशाच विमानात ते बिनतारी यंत्र सांभाळायचे. मोठा मिश्कील माणूस.

"शत्रूने आमच्या डाव्या पंखाचं टोक उडवलं," ते म्हणाले, "एक इंजिन खोकत होतं. जीव मुठीत धरून घरी पोचतो, तर आपल्याच तोफांनी स्वागत! यजमान भलतेच अगत्यशील."

सगळे हसले. ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

वन्सं, तो दिवस तुम्ही विसरला नसालच. गोदामाच्या गच्चीवरचं आपलं निरीक्षण केंद्र, हे प्रमुख, मी टेलिफोनपाशी, तुम्ही कठड्याशी. ह्यांनी स्वतः काढलेला विमानांचा तक्ता भिंतीवर: आपल्यांचे पंख गोल, शत्रूचे चौकोनी. ढगांच्या फटीतून एकच पंख दिसला, आणि त्याचं टोक चौकोनी. तुम्ही ओरडत होता, "अरे, आवाज आपला आहे, नुसता घसा बसलाय!"

"ताई, तुझे कान गाण्यापुरते," असं म्हणून ह्यांनी मला तोफखान्याला कळवायला सांगितलं. तोफा सुटल्या, विमान ढगात शिरलं, आणि ते कुणाचं होतं हे कधी कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी तुम्हाला केंद्रावरून कमी केलं. तुम्ही ट्रंक भरलीत.

आज हे उठून उभे राहिले. "कुठे घडलं हे? पाण्याच्या टाकीशेजारी गोदाम होतं का?"

"होतं की! तुम्हाला कसं ठाऊक?"

"तोफा मीच सोडायला लावल्या."

मी मनात देवाचा धावा सुरू केला.

"वाचले किती?" ह्यांनी विचारलं.

"चौघेही. तुमच्या तोफांचा नेम दिव्य होता, म्हणून!"

मग हे सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "माझी मोठी बहीण सांगत होती, आपलं आहे म्हणून. नुसत्या कानांनी ओळखलं होतं तिने. मी तिला केंद्रावरून काढून टाकलं. तिचं बरोबर होतं."

गृहस्थांनी डोक्यावरची टोपी काढली. "कुठे आहेत त्या?"

"रुसल्या आहेत," मी म्हटलं.

"मग समजूत काढा! पुढच्या रविवारी पुन्हा उडणार आहोत. ज्या कानांनी आम्हाला ओळखलं, त्यांना पुढच्या रांगेत बसवायचंय."

आणि टाळ्या, वन्सं! कुंपणापलीकडचे कामगारसुद्धा हात वर करून वाजवत होते. तुमच्या वाटच्या सगळ्या मी घेतल्या, मान ताठ करून, जणू माझंच लग्न लागत होतं.

घरी आल्यावर ह्यांनी माळ्यावरून तो जुना तक्ता काढला. आपल्या विमानाच्या डाव्या पंखाचं टोक खोडलं आणि तिथे चौकोनी काढलं. मी म्हटलं, "चांगला तक्ता खराब केलात." तर म्हणाले, "आत्ता कुठे बरोबर झाला."

येताना तिसरं स्टूल घेतलं. नवं कोरं, पाठ टेकायची सोय असलेलं, आणि मी घासाघीस केली नाही. यावरून काय ते समजा.

हे मघापासून दाराशी घुटमळताहेत. "लिहिलंस?" "लिहिलं." "मग खाली थोडी जागा सोड." सोडली आहे.

वाट बघणारी तुमची भावजय

ताई, आपलंच होतं.