काडीभर जागा

उस्ताद, तुमचा गुडघा आता कसा आहे? परेड संपली की निंबाच्या बुंध्याला टेकून दोन्ही हातांनी चोळायचात, तो डावा. अक्कांचा दमा कसा आहे, चुलीचा धूर अजून लागतो का त्यांना? आणि रिक्रूटांच्या रांगेत शेवटी येऊन बसणारा तुमचा तो म्हातारा कुत्रा, तो बरा आहे ना? विचारतोय खरा, पण तुम्हा तिघांनाही जाऊन किती वर्षं झाली ते मला ठाऊक आहे. तुम्हाला खांदा देणाऱ्यांत मी होतो. तरी आधी तब्येत विचारल्याशिवाय मला पत्र पुढे रेटता येत नाही. आमचं म्हणाल तर माझी साखर वर-खाली होते, घरातल्या मंडळींच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं व्हायचंय. आणि नात पोलिसांत लागली. तुमच्याच धुळ्याच्या ग्राउंडवर पळाली, आता जळगावकडच्या एका ठाण्यात आहे, दीड महिना झाला. तिच्यापायीच लिहायला बसलोय. दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही.

दीडच्या सुमाराला तिचा फोन आला. आवाज दाबलेला, मागे कुणीतरी खुर्ची ओढत होतं. "आबा, जेवलात का?" म्हणाली. ती आधी जेवणाचं विचारते तेव्हा मी ओळखतो, काहीतरी अडलंय. म्हणाली, "सकाळी नऊला एकाला आणलंय. केळीच्या बागेतल्या ठिबकच्या नळ्या गेल्या, त्याचा संशय. बाकड्यावर बसवलाय. साहेब म्हणतात, सध्या कच्च्या कागदावर लिही, वेळ टाकू नको. संध्याकाळी मी सांगेन ती वेळ टाकून मग कॉम्प्युटरवर चढव."

"मग?"

"मग काय. ट्रेनिंगला शिकवलंय, माणूस दारातून आत आला की तेव्हाच नोंद. मी तसं म्हटलं तर हसले. म्हणाले, ट्रेनिंगचं ट्रेनिंगला सोडून यायचं असतं, मॅडम. आबा, त्याची बायको डबा घेऊन बाहेर बसलीय. तुम्ही इतकी वर्षं डायरी लिहिली. तुम्हाला असं कुणी सांगितलं तेव्हा तुम्ही काय केलं?"

मी म्हणालो, "बेटा, रेंज नाही, आवाज तुटतोय." ती म्हणाली, "बरं, सहाला करते. साहेब सहालाच येणारेत." फोन ठेवला आणि तेव्हापासून मी या वहीसमोर बसलोय.

तुमची काडी आठवते आहे. दिवसभर उन्हात पळवून झालं की तुम्ही आम्हाला निंबाखाली बसवायचात आणि स्टेशन डायरी लिहायला शिकवायचात. कोण आलं, किती वाजता, कुणी आणलं. लिहून संपलं की ओळीत उरलेल्या जागेतून सरळ रेघ, आणि खाली सही. मग तुम्ही एकेकाची वही घ्यायचात, काडेपेटीतून काडी काढायचात आणि जिथे रेघ मारायची राहिली असेल त्या कोऱ्या जागेत आडवी ठेवून बघायचात. "मावनी रे भो, पय आते," म्हणायचात, की ग्राउंडला चक्कर. पहिल्या आठवड्यात मी एकटा अकरा चकरा पळालो. सातवीत शाळा सुटलेला मी, माझ्या ओळी कुठेही थांबायच्या. एकदा पळून पळून चिडलो आणि तोंडातून गेलं, "उस्ताद, एवढ्याशा जागेनं काय होतं?" तुम्ही ओरडला नाहीत. पेन्सिल घेऊन त्या काडीएवढ्या जागेत माझं नाव लिहून दाखवलंत, आडनावासकट, बारीक अक्षरात. त्याच ओळीत आधी चोरीची नोंद होती. पूर्ण ओळ वाचली तर चोर मी. त्यानंतर ट्रेनिंगभर माझी काडी कधी मावली नाही.

त्याच संध्याकाळी तुम्ही मला घरी नेलंत. अक्कांनी कळण्याची भाकरी आणि ठेचा पुढे ठेवला, वर तेलाची धार. म्हणाल्या, "जेवी ले रे भाऊ. हाऊ माणूस घरमाबी माले काडी लाईसन दखाडस." तुम्ही मान खाली घालून भाकरी मोडत होतात. मी आणि अक्का हसत होतो. ट्रेनिंग सुटताना तुम्ही माझ्या खिशात ती एक काडी ठेवलीत आणि म्हणालात, "बिडीसाठी नाही ही."

आता जे सांगायचंय ते. नोकरीला तीन वर्षं झाली होती, ठाणं तालुक्याचं. विहिरीवरची मोटर चोरीला गेली म्हणून शेतमालकाच्या सालदाराला, सालभराच्या गड्याला, सकाळी आणलं. साहेब मला म्हणाले, आत्ता नोंद नको, रात्रीच्या नोंदींखाली दोन ओळी सोड, वेळ नंतर टाकू. काडीभर नाही उस्ताद, दोन अख्ख्या ओळी. कोर्टापुढे न्यायचे चोवीस तास आणल्यापासून मोजतात, आणि साहेबांना ते पुरणार नव्हते. मी सोडल्या. घरी लहान लेकरं होती, साहेबांशी वाकडं घ्यायची छाती नव्हती, असं मी मनाशी म्हणत होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या दोन ओळींत बसवून लिहिलं, रात्री आणला. मोटर पुढे मालकाच्या मेहुण्याकडेच सापडली. सालदार सुटला, पण त्याला उजव्या पायावर भार देता येत नव्हता. त्याच्या बायकोने अर्ज केला की नवऱ्याला त्या दिवशी सकाळपासूनच बसवलं होतं. चौकशीला वरचे अधिकारी आले, डायरी उघडली. सुंदर अक्षर, कुठे मोकळी जागा नाही. ते बाईला म्हणाले, "हे बघ, इथं लिहिलंय." ती माझ्याकडे बघत होती. त्या दिवशी दुपारी तिचा डबा मीच हातात घेऊन आत दिला होता. मी छताकडे बघत उभा राहिलो.

त्यानंतर तुमच्याकडे आलो होतो, तुम्ही रिटायर होऊन नरडाण्याजवळच्या गावी राहायला गेला होतात तेव्हा. अक्का चहा टाकत होत्या. तुम्ही विचारलंत, "काडी मावनी का रे कधी?" मी म्हणालो, "नाही उस्ताद." तुम्ही इतके खूश झालात की अक्कांना म्हणालात, चहा नको, शिरा कर. तो शिरा मी खाल्ला.

आज मला भीती वाटते ती दोन्हीकडून. पोरगी नवी आहे. साहेबांच्या मनातून उतरली तर तिला रोज टोचतील, लांब कुठेतरी टाकतील, आणि तिच्या बापाला वाटेल, म्हाताऱ्यानं पोरीचं नुकसान केलं. लिही म्हणावं तरी धडकी, नको म्हणावं तरी धडकी. आणि खरं सांगितलं तर तिच्या मनातला आबा आज संपला. लहानपणापासून ती माझी टोपी घालून आरशासमोर सॅल्यूट मारत आली.

पण वर लिहिलेलं परत वाचलं आणि लक्षात आलं, मी इथे बसून आठवणी काढतोय, तिकडे तो माणूस बाकड्यावरच आहे, आणि सहाला साहेब येऊन वेळ सांगणार. पावणेचार झालेत. सहाची वाट बघत नाही, आता लावतो फोन. नऊ वाजताची वेळ घाल, आत्ताच कॉम्प्युटरवर चढव, असं सांगतो. आणि का सांगतोय तेही सांगतो, त्या सालदाराच्या बायकोपासून सुरुवात करून.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, वहीतच राहील. रेंज मात्र दुपारी होती, उस्ताद. तिचा शब्द न् शब्द ऐकू येत होता.

शेवटच्या ओळीत रेघ मारली आहे, बघून घ्या. आणि रागावला असाल तर तसंच लिहा, पण लवकर लिहा.